‘बायपासची यादी काढ’ म्हणजे नेमकं काय काढायचं?

शाईपुसणी: एक शंका आहे. माझं काम वेबसाइटच्या सिक्युरिटी टेस्टिंगचं, म्हणजे मालकाची लेखी परवानगी घ्यायची आणि मग त्याच्याच साइटची दारं हलवून बघायची. काल एआय एजंटला मराठीत सांगितलं, ‘४०३ च्या बायपासची यादी काढ’. (४०३ म्हणजे ‘आत यायला मनाई’ हे सर्व्हरचं उत्तर, आणि बायपास म्हणजे ती मनाई चुकवून आत शिरायच्या युक्त्या.) मला हवी होती सेकलिस्ट्ससारख्या उघड्या संग्रहातली तयार फाइल, आणि पठ्ठ्याने फेच टूलला, म्हणजे वेबवरून पान आणायच्या साधनाला, हातही न लावता स्वतःच ४० ओळी लिहिल्या, वर ‘यादी काढली आहे’ हे ऐटीत! चूक त्याची का माझी? आणि जाताजाता, बायपासला धड मराठी शब्द आहे का?

कानामात्रा: चूक तुमचीच हो, रागावू नका. पाहुण्यांची यादी काढ म्हटलं तर कोणी कपाट उघडत नाही, आठवून आठवून लिहायलाच बसतो. आपण वही काढतो, चित्र काढतो, खोड काढतो, सगळीकडे आतलं बाहेर येतं एवढंच, मग ते कपाटातून येवो नाहीतर डोक्यातून, क्रियापदाला त्याचं सोयरसुतक नाही. तुमच्या एजंटने डोक्यातून काढली. ‘आण’ म्हणायला हवं होतं, आणायचं म्हणजे आधी कुठेतरी जावं लागतं.

टर्मिनलवाला: ‘आण’नेही भागत नाही, मी पोळलोय. बरीच फेच टूलं पानाचा आधी साधा मजकूर करतात, तो मॉडेल वाचतं आणि मग आपल्याला परत टाइप करून देतं, म्हणजे तुमच्या हातात येते ती यादी नाही, यादीची सांगोवांगी. एरवी चालतं, पण इथे अक्षर न अक्षर हाच माल आहे. उदाहरणार्थ पत्त्यात टिंबाऐवजी टक्क्याचं चिन्ह, मग दोन, मग ई असं लिहिलेलं असतं, ते टिंबाचंच वेबवरचं दुसरं रूप, आता पुढचा पहारेकरी जे लिहिलंय तेच वाचतो आणि आतला सर्व्हर त्याचं टिंब करून वाचतो, त्या दोघांच्या वाचनातल्या फटीतून विनंती आत जाते. एजंटने शहाणपणा करून टिंब टाकलं किंवा दोन स्लॅशचा एक केला की ओळ मेली. शिवाय शेवटी ‘आणि अशाच इतर ओळी’ असं लिहून मोकळा. म्हणून मी मध्यंतरी ‘उतरवून घे’ म्हणायचो.

कानामात्रा: अहो, उतरवून घेणं म्हणजे तर बघून लिहिणं! तुम्ही त्याला स्वतःहून टायपिंगला बसवलंत.

टर्मिनलवाला: कळलं नंतर. आता सरळ ‘फाइल डाउनलोड कर, उघडू नको, ओळी मोजून सांग’. ‘उघडू नको’ अशासाठी की बाहेरच्या फाइलीत कुणी एजंटसाठीच एखादा हुकूम लिहून ठेवला असेल तर तो आपला समजून पाळायचा. त्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, शब्द २०२२ चा. याचं मराठी कुणी मागू नका प्लीज.

बोरू: मूळ शब्दाकडे येतो. रस्त्याचा बायपास आणि हृदयाचा बायपास, दोन्हींत नवी वाट बांधलेली असते आणि सगळे खूश असतात. इथे अडथळा कुणीतरी मुद्दाम उभा केलाय, त्यामुळे ‘वळणरस्ता’ फारच सालस वाटतो. ‘पळवाट’ बाहेर निसटायची, आपल्याला तर आत शिरायचंय. ‘चोरवाट’ अर्थाने जवळ, पण परवानगीने काम करणाऱ्याला उगाच चोर ठरवतो. क्रियापद मात्र आपल्याकडे झकास आहे, बगल देणे. ‘या ओळीने फिल्टरला बगल दिली’, काय बिघडलं? नाम बायपासच राहू द्या. पण ‘सुरक्षा-वळण सूची पुनर्प्राप्ती’ वगैरे कुणी लिहिलं तर मी उठून जाईन.

केबलकाका: अरे थांबा, आम्हा नेटवर्कवाल्यांची बायपास लिस्ट वेगळीच असते! विंडोजमध्ये प्रॉक्सी, म्हणजे आपली विनंती पुढे नेणारा मधला सर्व्हर, लावताना जे पत्ते प्रॉक्सीतून न जाता थेट जावेत त्यांची यादी, तिलाच बायपास लिस्ट म्हणतात, लिनक्सवर तेच काम ‘नो प्रॉक्सी’ नावाचं सेटिंग करतं. म्हणजे तुमची यादी पहाऱ्याला बगल देणाऱ्यांची, आमची खुद्द पहारेकऱ्याने लिहिलेली. तोंडी आम्ही ‘सूट यादी’ म्हणतो. एजंटला नुसतं ‘बायपास लिस्ट आण’ म्हणालात तर तो आमचीही घेऊन येईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

बोरू: ‘सूट यादी’ मस्त. घेतला.

शाईपुसणी: करून बघितलं. संग्रहाचं नाव, फाइलीचं नाव, डाउनलोड कर, उघडू नको, ओळी मोज. फाइल जशीच्या तशी आली, ओळीही जुळल्या, आणि मी उघडायच्या आत अँटिव्हायरसने ती क्वारंटाइनमध्ये टाकली. याला काय म्हणायचं मराठीत?

कानामात्रा: जप्ती.