युवा रिट्रीटमधील मौजेची संध्याकाळ कशी आखावी? (सल्ला हवा आहे)

नवी स्वयंसेविका:

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाचे तीन दिवसांचे रिट्रीट, म्हणजे आध्यात्मिक शिबिर, दोन महिन्यांवर आले असून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मुले-मुली साधारण ४०, वय १४ ते २२. त्यांपैकी १२ जण दुसऱ्या एका लहान मंडळीतून येणार आहेत आणि आमच्यातल्या कोणालाही ते ओळखत नाहीत.

गेल्या रिट्रीटमधल्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. अडीच तास सगळे मनसोक्त हसत-खेळत होते आणि मग कोणीतरी एकदम सगळे दिवे लावून "आता प्रार्थना" असे जाहीर केले. इतका वेळ आपण काही चुकीचे करत होतो की काय, असा भाव त्या क्षणी अनेकांच्या चेहऱ्यावर उमटला. दुसरी गोष्ट अशी की एक मुलगी संध्याकाळभर दाराजवळच्या खुर्चीवर बसून होती, ते मी पाहिले आणि तरीही तिच्याजवळ गेले नाही.

कोणते खेळ घ्यावेत, खेळांकडून प्रार्थनेकडे कसे वळावे आणि शेकोटी ठेवावी की नाही, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुना गिटारवादक:

ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी सोडवा, असे मी सुचवेन. मी संध्याकाळ नेहमी शेवटाकडून आखत मागे येतो, कारण शेवटची दहा मिनिटे ठरली की त्यांच्या आधी काय शोभेल आणि काय शोभणार नाही, हे आपसूक दिसू लागते.

आमची संध्याकाळ स्तोत्र १३४ ने संपते. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रे यरुशलेमेकडे निघालेल्या यात्रेकरूंची गीते मानली जातात. त्यांतले १३३वे भावंडांनी ऐक्याने एकत्र राहण्यातल्या आनंदाविषयी आहे, तर १३४वे रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्या सेवकांना उद्देशून आहे. दोन्ही केवळ तीन-तीन वचनांची आहेत. खेळ संपल्यावर, सगळे अजून धापा टाकत असतानाच, १३३वे वाचावे. मग दोन-तीन गीते म्हणावीत आणि अखेरीस १३४वे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतही रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेसाठी हेच स्तोत्र नेमलेले आहे आणि त्या प्रार्थनेनंतर कोणी बोलू नये, असा नियम आहे. आम्ही मौनाची सक्ती करत नाही, पण स्तोत्रानंतर निवेदन किंवा सूचना देण्याचे कटाक्षाने टाळतो. उद्याच्या न्याहारीची वेळ आधीच सांगून टाकावी.

आवाज पायरीपायरीने खाली आणायचा असतो. आधी पळापळीचे खेळ, मग बसून खेळायचे, मग टाळ्यांची गाणी आणि शेवटी संथ गीते. "आता गंभीर व्हा" असे म्हणण्याची वेळच येऊ देऊ नये. लोक गप्पा मारत असतानाच मी हळू आवाजात तारा छेडू लागतो, जवळचे दोघे गुणगुणतात आणि तीन-चार मिनिटांत सगळी खोली गात असते. दिवेही त्याच क्रमाने एकेक करून मालवावेत.

आता त्या १२ जणांविषयी. पहिला खेळ न बोलण्याचा घ्या. सर्वांनी एकही शब्द न उच्चारता, केवळ खाणाखुणांनी, जन्मदिवसाच्या क्रमाने एका रांगेत उभे राहायचे. यात बोलका आणि अबोल एकाच पातळीवर येतात, आणि नवख्याला आपले नावही घाईघाईने सांगावे लागत नाही. रांग लागली की एका टोकापासून "एक, दोन, तीन, चार, पाच" असे मोजून पाच गट पाडावेत, म्हणजे जुन्या मित्रांची टोळकी कोणालाही न दुखावता विखुरतात.

त्यानंतर पवित्र शास्त्रातील प्रसंगांचा मूकाभिनय घ्या, पण एकट्यादुकट्याला पुढे उभे न करता संपूर्ण गटाकडून करून घ्या. झाडावर चढलेला जक्कय आणि बलामाची गाढवी हे प्रसंग फार रंगतात. लाजऱ्या मुलाला उंबराचे झाड होऊन उभे राहणेही पुरते आणि तोही खेळात असतो.

बाद होण्याचे खेळ मात्र टाळा. 'माफिया' हा, गटात लपलेले 'गुन्हेगार' ओळखून एकेकाला बाद करण्याचा खेळ १९८६ मध्ये मॉस्कोतील एका मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने रचला आणि तो तरुणांमध्ये अतिशय लोकप्रिय आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्यात पहिल्याच फेरीत बाद झालेल्याला उरलेला सर्व वेळ नुसते बघत बसावे लागते, आणि अनोळखी व्यक्तीवर संशय घेणे सर्वांना सोपे जात असल्यामुळे बहुधा नवखाच आधी बाद होतो. तुमची ती दाराजवळची मुलगी अशाच खेळातून निर्माण होते.

रात्रपाळीची मावशी:

गिटारवादक दादांशी मी सहमत आहे. शेकोटीविषयी थोडे सांगते, कारण ते काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे.

शेकोटी जरूर ठेवा, मात्र जागेच्या व्यवस्थापकांची परवानगी आधी घ्या. वर झाडाची फांदी आणि आसपास वाळलेले गवत नसावे, पाण्याच्या भरलेल्या बादल्या हाताशी असाव्यात आणि पेटत्या लाकडावर रॉकेल किंवा पेट्रोल कधीही ओतू नये. शेवटी राखेवर पाणी टाकून, ती ढवळून, पुन्हा पाणी टाकावे आणि राख हाताला थंड लागेपर्यंत मोठ्यांपैकी दोघांनी तेथून हलू नये.

वेळेच्या बाबतीत मी कडक आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तासांची झोप लागते. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत चालले आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो जिवंत उठवला गेला, पण आपण त्या प्रसंगाकडून रात्री वेळेवर थांबण्याचे शिकायला हरकत नाही. शिवाय १८ वर्षांखालील मुला-मुलींसोबत कोणीही एकटा मोठा माणूस असू नये, नेहमी दोघे असावेत.

माजी संघप्रमुख:

एक वेगळे मत मांडतो. प्रत्येक खेळाच्या शेवटी बोध सांगण्याचा मोह आवरावा. वायएमसीएचा इतिहास पाहिला तर १८९१ मध्ये बास्केटबॉल आणि १८९५ मध्ये व्हॉलीबॉल हे दोन्ही खेळ त्या ख्रिस्ती संस्थेतच जन्माला आले, आणि आजही ते खेळ म्हणूनच खेळले जातात. मार्क ६:३१ मध्ये येशूने थकलेल्या शिष्यांना एकांती चलून विसावा घ्यायला सांगितले. मित्रांसोबत हसणे हा त्या विसाव्याचाच भाग आहे, असे मी मनापासून मानतो. म्हणून स्तोत्र १३३ वाचावे, पण त्यावर प्रवचन करू नये.

नवी स्वयंसेविका:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरली आहे. आमच्याकडे शेकोटीभोवती आळीपाळीने प्रत्येकाने साक्ष, म्हणजे देवाविषयीचा स्वतःचा अनुभव, सांगण्याची पद्धत आहे. ती ठेवावी का?

जुना गिटारवादक:

आळीपाळी नको, ताई. आपली पाळी जवळ येत चालली की लाजरे मूल इतरांचे काहीच ऐकत नाही, स्वतःचे वाक्य जुळवत बसते. ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलावे आणि मध्ये शांतता पसरली तर ती पसरू द्यावी. ज्यांना बोलायचे नसेल त्यांच्यासाठी कागद व पेन्सिली ठेवा. एका ओळीत उपकारस्तुती लिहून ती टोपलीत टाकता येईल, आणि नावे न घेता त्यांतल्या काही तुम्ही वाचून दाखवू शकाल.

नवी स्वयंसेविका:

टोपलीची कल्पना फार आवडली. मूकरांग, गटांचा मूकाभिनय, टाळ्यांची गाणी, शेकोटी, टोपली आणि दोन्ही स्तोत्रे असा क्रम मी आज पाळकांना दाखवला व त्यांनी संमती दिली आहे. स्तोत्र १३४ वाचण्यासाठी त्या लहान मंडळीतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला आधीच विचारून ठेवणार आहे. आणि दाराजवळ यंदा खुर्ची ठेवलीच, तर दोन ठेवीन. दुसऱ्या खुर्चीवर मी बसेन.