शब्दचर्चा: 'पाप फिटलं' आणि 'कृपा'

प्रश्न (रत्नागिरीहून): ख्रिस्ती मैत्रिणीच्या चर्चच्या स्मरणिकेतला एक लेख तपासतेय. त्यात 'देवाच्या कृपेने त्याचं पाप फिटलं' असं वाक्य आहे. मला खटकलं नाही, पण मैत्रीण म्हणते, आम्ही असं म्हणत नाही. मग काय म्हणतात?

वेंगुर्ल्याहून: ताई, मैत्रिणीचं बरोबर आहे. मराठीत पाप लागतं, पापाचा घडा भरतो आणि पाप फेडावं लागतं; ज्याने केलं त्यानेच भोगून हिशेब चुकता करायचा. ख्रिस्ती शिकवण इथेच वेगळी होते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना बघा: 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' ऋण आहेच, पण क्रियापद 'सोडणे'.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की आमच्याकडे दुकानदाराच्या वहीत उधारी चढत जाते, नारळी पौर्णिमेनंतर मासळी लागली की ती फेडायची. समजा मोसमच बुडाला आणि दुकानदाराने त्या पानावर रेघ मारली. उधारी सुटली, पण तेल-तांदळाचे पैसे त्याच्या पदरचे गेले. येशूच्या क्रुसावरच्या मरणाबद्दल आम्ही हेच मानतो. किंमत मोजावी लागलीच, आणि ती धनकोने, म्हणजे देवानेच मोजली.

वसईहून: थोडी भर घालतो. एवढ्यावर थांबलं तर कृपा म्हणजे नुसती माफी होईल. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात ते लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, चांगलं करायची इच्छा आहे, पण हातून घडतं ते नको असलेलं वाईटच. रात्री ठरवावं, उद्या आईवर आवाज चढवायचा नाही, आणि सकाळचा चहा व्हायच्या आत तो चढलेला असावा. हे ज्याला माहीत आहे त्याला हा अध्याय वाचताना धस्स होतं. शेवटी पौल 'मी कसा सुटू' असं विचारत नाही, 'मला कोण सोडवील' असं विचारतो. पेलागियस नावाच्या एका जुन्या ख्रिस्ती शिक्षकाचं म्हणणं होतं की माणूस स्वतःच्या निश्चयावर निष्पाप जगू शकतो. बिशप ऑगस्टीनने ते खोडून काढलं, आणि 418 साली कार्थेजला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवलं की कृपा झालेल्या पापाची क्षमा करते, तसंच पुढचं पाप टाळायला बळही देते. हे बळ आपल्याला रोज लागतं.

रत्नागिरीहून: आभार दोघांचे. मग 'दया' किंवा 'अनुग्रह' चालेल?

वेंगुर्ल्याहून: 'दया' समोरच्याचे हाल बघून येते. कृपा ही लायकी नसताना मिळालेली देणगी. रोमकरांस 6:23 मध्ये पापाचं 'वेतन' आहे आणि देवाचं 'कृपादान'. वेतन कमावलेलं असतं, दान कमावलेलं नसतं. 'अनुग्रह' अर्थाने जवळचा, पण तो ऐकला की आपल्याकडे गुरूने दिलेला मंत्रच आठवतो, म्हणून मी टाळतो. आमच्या कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत तर थेट 'कुर्पा' म्हणतात.

वाक्य असं करा: 'देवाच्या कृपेने त्याला पापांची क्षमा मिळाली.' पुढे कुठे 'प्रायश्चित्त' आलं असेल तर तेही तपासा. कुमसारात (पाद्रीसमोर पापं कबूल करतात तेव्हा) पाद्री जी प्रार्थना किंवा दानधर्म करायला सांगतात, तो क्षमेचा मोबदला नसतो. लेखकाने 'प्रायश्चित्त करून क्षमा मिळवली' असं लिहिलं असेल तर तिथेही तीच गफलत आहे.