बी-२४ लिबरेटरचं कॉकपिट खऱ्या मापात: ड्रॉइंग, पत्रा, मीटर

नटबोल्ट_पुणे

दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बफेकी विमान बी-२४ लिबरेटर, त्याच्या जे मॉडेलच्या कॉकपिटचा भाग १:१ मापात उभा करायचा आहे. समोरच्या काचा, दोन्ही खुर्च्या, मधलं पेडेस्टल (लिव्हर-बटणांचा खांब) आणि खुर्च्यांमागची थोडी जागा, एवढंच. नाकावरचा टरेट (फिरता तोफमनोरा) नको. विमान मुद्दाम हेच निवडलंय, कारण हवाई दलाच्या ६ नंबर स्क्वॉड्रनची लिबरेटर्स पुण्याहून उडायची आणि इथे आता त्याची खूण उरलेली नाही. प्रदर्शनात लोक आत बसतील, मीटरचे काटे हलायला हवेत.

अडलंय ते असं: मायक्रोफिल्मवरून स्कॅन केलेली ड्रॉइंग आहेत, पण दोन शीटची मापं एकमेकांना जुळत नाहीत. पत्रा विमानात वापरतात त्या २०२४ नंबरच्या अॅल्युमिनियमचाच घ्यावा का? आणि मीटर खरी मिळवावीत की बनवावीत?

फर्मा

आधी कारखाना ठरवा. बी-२४जे पाच ठिकाणी बनलं: कॉन्सॉलिडेटेडचे सॅन डिएगो आणि फोर्ट वर्थ, फोर्डचं विलो रन, डग्लसचं टल्सा, नॉर्थ अमेरिकनचं डॅलस. फोर्डने तर ड्रॉइंग नव्यानेच काढली. एक शीट फोर्डचं आणि दुसरं सॅन डिएगोचं असेल तर ती जन्मात जुळणार नाहीत. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यातला ड्रॉइंग नंबर पाहून गठ्ठे वेगळे करा. आपल्याकडची विमानं तर कानपूरला ब्रिटिशांनी नासधूस करून टाकून दिलेली. एचएएलचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली आणि एचएएलने चाळीसेक विमानं पुन्हा उभी केली. त्यामुळे भारतीय विमानाच्या फोटोत दोन कारखान्यांचे भाग शेजारी दिसले तर दचकू नका.

दुसरं कारण स्कॅन. फिल्म आडवी आणि उभी सारखी आकसत नाही. शीटवर पट्टी लावून माप कधीच घेऊ नका, छापलेला आकडाच खरा. आकडा नसेल तिथे इन्स्ट्रुमेंटचं भोक पकडा: मोठं ३ १/८ इंच, म्हणजे तीन इंच एक सूत, ७९.४ मिमी; लहान सव्वादोन इंच, ५७.१५ मिमी. कॅडमध्ये आडवा आणि उभा स्केल वेगवेगळा लावून हे भोक बरोबर गोल आणि बरोबर मापाचं करा, मग त्या शीटवरचं बाकीचं मोजा. पालमच्या हवाई दल संग्रहालयात लिबरेटर आहे. रीतसर परवानगी काढून तिथे फोटोग्रामेट्री (फोटोंवरून मापं काढणं) करता आली तर उत्तमच.

लोक आत बसणार असतील तर त्यांचं वजन पत्र्यावर येता कामा नये. खाली ४० × ४० × २ मिमी चौकोनी पाइपचा सांगाडा, वर १८ मिमी मरीन प्लाय, खुर्च्या आणि पेडेस्टल थेट सांगाड्याला बोल्ट. बाहेरचं कवच नुसतं टेकलेलं. तेही एखाद्या फ्रेमच्या रेषेवरच तुटेल असे भाग करा, आणि ज्या दारातून बाहेर काढायचं त्याची रुंदी आजच मोजा.

पत्राकाम

२०२४-टी३ चा हट्ट सोडा. उडायचं नाहीये. तो पत्रा जाडीच्या तिपटीपेक्षा कमी त्रिज्येत वळवला की बाहेरच्या अंगाला तडा जातो, आणि सुटा मिळतो महाग. ५०५२-एच३२ हे सहज वळणारं अॅल्युमिनियम घ्या, कवचाला १ मिमी, फ्रेमला १.२. रंगाखाली फरक कळत नाही.

फ्रेमचे फर्मे १८ मिमी एमडीएफचे सीएनसीवर कापा. फर्म्याची कड ९० ऐवजी साधारण ८७ अंशांची ठेवा, पत्रा तेवढा परत उघडतो. गोल कडेला वळवताना जास्तीचा पत्रा सुरकुततो. तो हातोडीने चेपत बसू नका, दोन रिव्हेटांच्या मधोमध पन्हळ्या पाडून जिरवा. दोन वळणं जिथे भेटतात त्या कोपऱ्यात आधी गोल भोक हवं, नाहीतर तिथूनच फाटतं.

पॉप रिव्हेट (एका बाजूने ओढून बसवायचे, पोकळ) बाहेर दिसले की सगळी मेहनत वाया, मधलं भोक लांबूनही कळतं. जे डोळ्यासमोर येतं तिथे सॉलिडच (भरीव, ठोकून बसवायचे) मारा. १/८ इंचाच्या रिव्हेटला ३.३ मिमी ड्रिल. लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाची दीडपट: १ आणि १.२ चे पत्रे असतील तर ७ मिमी. ठोकल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद, निम्मं उंच. कडेपासून भोक निदान दोन व्यास आत. आधी सगळी भोकं २.५ ने पाडून दर चौथ्या भोकात क्लेको (पत्रे तात्पुरते धरणारी स्प्रिंगची पिन), आणि रिव्हेट मधून बाहेर मारत चला. दोन्ही टोकांकडून मध्ये आलात की पत्रा मध्ये फुगून टकटक वाजत राहतो, मग इलाज नाही.

काटा_तबकडी

खरी मीटर घेऊ नका, ठामपणे सांगतो. त्या काळच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. अंधारात चमकत नाही म्हणून तो मेला असं नव्हे: संपलेलं असतं ते झिंक सल्फाइड, रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे. काच उघडली की भुकटी हाताला, टेबलाला, श्वासात. मुलं हाताळणार त्या प्रदर्शनात ते नकोच. शिवाय रिमोट मीटरांपैकी (दूरचं माप वायरीने दाखवणाऱ्या) बरीच ऑटोसिन जातीची, २६ व्होल्ट ४०० हर्ट्झवर चालणारी. त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर लागतो.

बनवा. इंजिनं चार असली तरी आरपीएमची मीटर दोनच, प्रत्येकात दोन काटे. मॅनिफोल्ड प्रेशरचंही (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) तसंच. एका काट्याच्या मीटरला एक्स २७.१६८ स्टेपर (पायरीपायरीने फिरणारी छोटी मोटर): ३१५ अंश फिरतो, आत अडसर आहे, त्यामुळे चालू करताना पूर्ण मागे नेला की शून्य सापडतं. दोन काट्यांना एक्स ४०.८७९, एकात एक दोन दांडे. याला अडसर नाही, म्हणून प्रत्येक काट्याला ऑप्टिकल सेन्सर लावावाच लागतो. हे विसरलं की पहिल्या दिवशी सगळं छान आणि दुसऱ्या दिवशी काटे भलतीकडे. काटा हलका हवा आणि मागच्या शेपटीने तोललेला. जड झाला की स्टेप सुटतात. अंधारातल्या चमकेसाठी रेडियमऐवजी स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा रंग.

दोन गोष्टी हमखास चुकतात. इंधनाची मीटर पॅनेलवर काढू नका, पातळी फ्लाइट डेकच्या मागच्या बाजूला उभ्या काचनळ्यांत दिसायची. आणि टर्बोसाठी चार लिव्हर ही जुन्या डी मॉडेलची खूण. जे मॉडेलवर पेडेस्टलवर ० ते १० आकड्यांचा एकच नॉब.

नटबोल्ट_पुणे

फार मोलाचं. शीट तपासली, दोन कारखान्यांचीच सरमिसळ निघाली, आता विलो रनवर ठाम. वरच्या वळणदार खिडक्यांचं काय? आणि फेदरिंगची (बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या दिशेने वळवण्याची) बटणं हलती ठेवावीत का?

पत्राकाम

खिडक्यांना कास्ट अॅक्रिलिकच, ५ मिमी. एक्स्ट्रूडेड तापवल्यावर एका दिशेने आकसतं. वळवण्याआधी ८० अंशांवर रात्रभर सुकवा, नाहीतर आतल्या दमटपणाचे बुडबुडे उठतात. मग १६० च्या आसपास मऊ करून फलालीन लावलेल्या फर्म्यावर टाका आणि फर्म्यावरच थंड होऊ द्या. एम४ स्क्रूला भोक ५.५ मिमी ठेवा. मीटरभर लांबीत ३० अंशांचा फरक पडला तर अॅल्युमिनियमच्या तुलनेत अॅक्रिलिक जवळजवळ दीड मिमी जास्त वाढतं, घट्ट भोकातून उन्हाळ्यात चिरा निघतात. थिनर किंवा अमोनियाचा काचक्लीनर जवळ आणू नका, साबणपाणी पुरे.

काटा_तबकडी

बटणं हलतीच ठेवा. खऱ्या विमानात फेदरिंगचं बटण दाबलं की कॉइल ते आत धरून ठेवी आणि पाती फिरून तेलाचा दाब वाढला की ते आपोआप बाहेर येई. २४ व्होल्टची छोटी होल्डिंग कॉइल आणि टायमर पुरतो. कॉइलला उलटा डायोड लावा आणि तिची वायर स्टेपरच्या वायरींपासून दूर न्या, नाहीतर बटण सुटलं की शेजारचे काटे उडी मारतील.