एका आळीत चार वर्षांत पाच कॅन्सर. पाणी, फवारणी की आणखी काही? कसं शोधायचं?

नमस्कार. परंडा तालुक्यातलं आमचं छोटं गाव. आमच्या एका आळीत चार वर्षांत पाच जणांना कॅन्सर निघाला. दोघांना तोंडाचा, काकूला गर्भाशयाच्या मुखाचा, शेजारच्या वहिनींना स्तनाचा आणि मागच्या दिवाळीत माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा. त्यांच्यासाठी बार्शीला खेपा चालू आहेत.

गावात एकच बोलणं, "पाणीच नासलंय." आजी म्हणते, "आमच्या टायमाला असलं कुठं होतं?" मला ते पूर्ण पटत नाही. तिचीच जाऊ 'पोटात गोळा होऊन' चाळिशीत गेली म्हणतात, तेव्हा कुठली सोनोग्राफी न् कुठली बायोप्सी. आता माणसं जास्त जगतात, निदानही होतं. आणि तोंडाचा झालेल्या दोघांपैकी एक तंबाखू मळायचे, दुसऱ्याला गुटखा होता. ते कारण मी वेगळं धरते.

पण वडिलांनी तंबाखू कधी खाल्ली नाही. पाठीवर पंप घेऊन तीस वर्षं फवारणी मात्र केली. बादलीतलं औषध हातानंच ढवळायचे, हात धोतराला पुसून बांधावरच भाकरी खायचे. त्यांचा सदरा आई वेगळा भिजवायची, तरी वास जायचा नाही. रिकामा कॅन धुऊन त्यात प्यायचं पाणी नेलेलंही मी पाहिलंय. बोअरच्या चारी बाजूंनी ऊस, त्याला पोत्यानं युरिया. आणि आई रोज बंब पेटवताना तुराट्यांखाली ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा घालते, काळा धूर सगळ्या अंगणात.

यातलं नेमकं काय तपासायचं? घरात दोन लहान मुली आहेत, म्हणून जीव घाबरतो.

प्रतिसाद १
ताई, पाच जणांचे कॅन्सर चार वेगवेगळ्या प्रकारचे आहेत. एकाच कारणानं झाले असते तर बहुतेक एकाच प्रकारचे दिसले असते. गर्भाशयमुखाचा तर एचपीव्ही विषाणूमुळे होतो, पाण्यामुळे नाही. तुमच्याच जिल्ह्यात त्याच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, २००९ साली छापून आला. एका एचपीव्ही चाचणीनंही मृत्यू कमी झाले होते. आळीतल्या तिशीपुढच्या बायकांना तपासणीला नक्की न्या.

फवारणीची शंका मात्र रास्त आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली लिंडेन कॅन्सरकारक ठरवलं, मॅलॅथिऑन आणि ग्लायफोसेट 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकले. पण एका माणसाचा आजार त्यानंच झाला, हे कुणी सांगू शकत नाही.

बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. कीटकनाशकाचे अंश नेहमीच्या तपासणीत येत नाहीत, ते वेगळे सांगून करावे लागतात. आणि बार्शी, परंडा, भूम भागातल्या गावांची कॅन्सर नोंदणी १९८७पासून बार्शीला ठेवतात. गावाचा आकडा लोकांच्या वयाच्या मानानं खरंच जास्त आहे का, ते तिथं विचारा.

धागाकर्ती
खूप आभार. सोमवारी वडिलांना बार्शीला न्यायचंय, तेव्हाच नोंदणीचं विचारते. पाण्याची बाटलीही भरून देते. नळीचे तुकडे आज बंबाजवळून उचलले. आई म्हणाली, "मग पेटवू कशानं?" पाचट आणून दिलंय.