मदत हवी आहे : पादचारी सिग्नलची वेळ वाढवण्यासाठी अर्ज कुठे करायचा?
गंगापूर रोड परिसरातल्या ज्येष्ठांसाठी विचारतोय. सिग्नलचा हिशोब सहसा सेकंदाला १.२ मीटर चालीने धरतात. काठी टेकत चालणारे आजी-आजोबा जेमतेम ०.८ मीटर जातात. म्हणजे १६ मीटर रस्त्याला १३ नव्हे, २० सेकंद लागतात, पहिलं पाऊल उचलायचा वेळ वेगळाच. उरलेल्या सात सेकंदांत माणूस भर रस्त्यात आणि दुचाक्या सुटलेल्या! त्यात दुभाजक उंच. पाय अडखळून पडलं तर खुबा मोडायची भीती. दुभाजक कापून रस्त्याच्या पातळीत दीड मीटर रुंद थांबा दिला, तर दोन टप्प्यांत ओलांडता येईल.

नाशिकमध्ये कुणी असं करवून घेतलंय का? अर्ज महापालिकेकडे की वाहतूक पोलिसांकडे? सोबत मोजमापं जोडावीत का? नमुना असल्यास कृपया टाका.