पाण्याखालच्या सागरी गवताचा ड्रोन-नकाशा: चकाकी, मोझॅकमधली भोकं आणि संशयास्पद अचूकता

प्रश्न
पीएचडीसाठी ओहोटीच्या पट्ट्यापासून ३ मीटर खोलीपर्यंत सागरी गवताचा नकाशा करतेय. पाच बँडचा (प्रकाशाचे पाच रंगपट्टे वेगवेगळे टिपणारा) मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा, उंची ६० मीटर, ओव्हरलॅप ७५/७० (लगतचे फोटो पुढे-मागे आणि बाजूला किती टक्के एकमेकांवर येतात), उड्डाण दुपारी १२ च्या सुमारास. फोटोंत चकाकी येते, खोल भागात मोझॅकला (फोटो जोडून केलेल्या अखंड चित्राला) भोकं पडतात. रँडम फॉरेस्टची (पिक्सेल गवत आहे की नाही ते ठरवणाऱ्या मशीन-लर्निंग मॉडेलची) अचूकता ९६ टक्के दिसते, पण दुसऱ्या दिवशीच्या फोटोंवर तेच मॉडेल पार चुकतं.

उत्तर १
आधी वेळ बदला. सूर्य ३०–४० अंशांवर असताना उडवा. शांत पाण्यात ३५ अंशांवरच्या सूर्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या उभ्या रेषेपासून ५५ अंशांवर पडतं, म्हणजे चौकटीबाहेर. लाटेचा उतार ५ अंश असला तर ते १० अंश सरकतं, म्हणून वारा फार महत्त्वाचा: सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की थांबा. हीच वेळ उधाणाच्या ओहोटीशी जुळणारे दिवस मोजकेच असतात. महिनाभराचं भरतीचं कोष्टक आणि सूर्याची उंची आधीच शेजारी मांडा. तुटक ढग टाळा. एकसंध मळभ त्यापेक्षा परवडतं.

उत्तर २
भोकं पडतात कारण सॉफ्टवेअरला स्थिर खुणा सापडत नाहीत, लाटा प्रत्येक फोटोत वेगळ्या असतात. उंची १०० मीटर करा (परवानगीत बसत असेल तर), ओव्हरलॅप ८५/८०. उड्डाणाच्या ओळी किनाऱ्याला काटकोनात ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीचं एक टोक उघड्या खडकावर येईल. तरंगती निशाणं वाहून जातात, ती नकोत. तळात रोवलेले खुंट आणि आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) बरे.

प्रश्नकर्ती
निअर-इन्फ्रारेड (लालच्या पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या) बँडवरून चकाकी वजा केली तर?

उत्तर ३
इथे जपून. उपग्रहाच्या चित्रावर ती पद्धत चालते, कारण १० मीटरच्या पिक्सेलमध्ये असंख्य लाटांची सरासरी होते. तुमच्या कॅमेऱ्यात प्रत्येक बँडचं भिंग वेगळं. सेंटिमीटरच्या पातळीवर दोन भिंगांना लाटेचा तोच उतार तसाच दिसत नाही, मग वजाबाकीतून नवेच काळे-पांढरे ठिपके तयार होतात. आणि ८४० नॅनोमीटरचा, म्हणजे याच निअर-इन्फ्रारेड बँडचा, प्रकाश पाण्याच्या पहिल्या काही डेसिमीटरमध्येच शोषला जातो, त्यामुळे बुडालेल्या गवतासाठी एनडीव्हीआय (लाल आणि निअर-इन्फ्रारेड बँडवरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक) निरुपयोगी. निळ्या-हिरव्या बँडवर भर द्या. परावर्तन-पॅनेलचा (किती प्रकाश परत फेकते ते माहीत असलेल्या पाटीचा) फोटो प्रत्येक उड्डाणाच्या आधी आणि नंतर घ्या. दोन दिवसांतल्या फरकाचा बराच भाग तिथेच असतो.

उत्तर ४
९६ टक्क्यांवर विसंबू नका. शेजारचेच पिक्सेल प्रशिक्षणात आणि चाचणीतही आले की आकडा फुगतो. व्हेरिओग्रामवरून (अंतर वाढतं तसा दोन ठिकाणांतला फरक कसा वाढतो त्याचा आलेख) सहसंबंधाचा पल्ला, म्हणजे ठिकाणं किती अंतरापर्यंत एकमेकांसारखी असतात ते, काढा, त्याहून मोठे चौकोन पाडा आणि अख्खे चौकोन चाचणीसाठी राखून ठेवा. एक पूर्ण दिवसही बाजूला ठेवा. आकडा उतरेल, पण परीक्षकांपुढे तोच टिकेल. पुढे सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांसाठी हा नकाशा वापरणार असाल तर प्रत्येक १० मीटरच्या पिक्सेलमधलं गवताचं टक्केवारी-आच्छादन काढा आणि कुरणाच्या कडा प्रशिक्षणातून वगळा. उपग्रहाची स्थाननिश्चिती थोडी जरी सरकली तरी पहिला घोळ कडेलाच होतो.