पिक्सेल ६ए की गॅलक्सी ए५२एस? वापरलेला फोन घ्यायचा आहे, कोणता परवडेल?

कोरा_कागद:

वापरलेला फोन घ्यायचा आहे. चाळता चाळता दोनच नावं उरली: गूगल पिक्सेल ६ए आणि सॅमसंग गॅलक्सी ए५२एस ५जी. दोन्हींत ६ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण, आणि भावही जवळपास सारखाच. त्यामुळे किमतीवरून निकाल लागत नाही.

वापर असा: दोन सिम, बँकेची ॲप्स, वायरचे हेडफोन, घरातल्या उजेडात लहान मुलांचे फोटो. गेम अजिबात नाहीत. फोन निदान दोन-अडीच वर्षं चालायला हवा.

कागदावर ए५२एस सरळसरळ वरचढ दिसतो. १२० हर्ट्झचा (चित्र सेकंदाला १२० वेळा ताजं करणारा) पडदा, हेडफोन जॅक, मेमरी कार्ड, २५ वॉटचं चार्जिंग. पिक्सेलमध्ये यातलं एकही नाही, तरी बरेच जण पिक्सेलच घ्या म्हणतात. शिवाय पिक्सेलच्या बॅटरीची काहीतरी भानगड आहे असंही कानावर आलंय. ती नेमकी काय आहे, आणि फोन हातात आल्यावर काय काय तपासायचं?

पेचकस:

नवा फोन घेताना तो काय काय करू शकतो ते बघतात. जुना घेताना त्याच्यात अजून किती जीव शिल्लक आहे ते बघायचं. तुमच्या बाबतीत शिल्लक दोन जागी मोजायची आहे: अपडेट आणि बॅटरी. गंमत म्हणजे एकीत पिक्सेल पुढे आहे, दुसरीत मागे.

आधी अपडेट. ए५२एस २०२१ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइड ११ घेऊन आला. त्याला तीन मोठी अपडेट मिळाली, शेवटचं अँड्रॉइड १४. सुरक्षा पॅचची (सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या छोट्या अपडेटची) मुदत चार वर्षांची होती, ती २०२५ मध्ये संपली. पिक्सेल ६ए २०२२ च्या जुलैमध्ये विक्रीला आला आणि त्याचे सुरक्षा पॅच जुलै २०२७ पर्यंत आहेत.

पॅच थांबले म्हणजे दुसऱ्या दिवशी फोन निकामी होत नाही. क्रोम आणि वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) प्ले स्टोअरवरून अद्ययावत होत राहतात, आणि अँड्रॉइड १४ वर बँकेची ॲप्सही बराच काळ चालतील. अडचण खालच्या थरात आहे. कर्नल (अँड्रॉइडचा गाभा), ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि मोडेमचं (मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचं) फर्मवेअर यांतली नवी भोकं आता कोणी बुजवणार नाही. पैशाचे व्यवहार याच फोनवर होणार असतील तर मी हा मुद्दा हलका धरणार नाही.

आता बॅटरी. जुलै २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ६एसाठी सक्तीचं अपडेट काढलं. काही फोनमधल्या बॅटऱ्या अतितापण्याचा धोका आहे म्हणून ४०० चार्ज सायकल पूर्ण झाल्यावर हे अपडेट बॅटरीची क्षमता आणि चार्जिंगचा वेग दोन्ही कमी करतं. सगळे ६ए यात येत नाहीत. आपला येतो का, हे गूगलच्या मदत पानावर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) टाकून कळतं. बाधित फोनना बॅटरी मोफत बदलून देण्याची मुदत ८ जुलै २०२६ अशी ठरवली होती. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच करा: बॅटरी बदलली आहे का, आणि त्याची पावती आहे का?

सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'बॅटरी इन्फर्मेशन' उघडा. तिथे सायकलचा आकडा दिसतो. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. रोज ५० टक्के वापरलं तर दोन दिवसांची मिळून एक होते. मूळ बॅटरी असलेला ६ए ३५० सायकलवर असेल आणि "अजून मस्त चालतोय" असं सांगितलं जात असेल, तर ते खरंच असेल, पण पुढच्या दोनेक महिन्यांत तो ४०० ओलांडणार आहे.

माझं मत: अधिकृत ठिकाणी बॅटरी बदललेला ६ए मिळत असेल तर डोळे झाकून तो घ्या. मूळ बॅटरीचा आणि बाधित यादीतला असेल तर भाव कितीही पाडून मिळाला तरी नको. हा प्रश्न नुसत्या बॅकअपचा नाही, बॅटरी तापण्याचा आहे.

रीळ:

कॅमेऱ्याचं मी सांगतो, कारण इथे कागदावरचे आकडे सगळ्यात जास्त फसवतात.

ए५२एसचा मुख्य कॅमेरा ६४ मेगापिक्सेलचा. चार-चार पिक्सेल एकत्र करून तो प्रत्यक्षात १६ मेगापिक्सेलचे फोटो देतो. पिक्सेलचा १२.२ मेगापिक्सेलचा, आणि तो सेन्सर तर आणखी जुन्या पिक्सेलपासून चालत आलेला. दोन्हींना ऑप्टिकल स्थिरीकरण (हाताची थरथर भरून काढणारी भिंगाची सोय) आहे. दिवसा बाहेर काढलेल्या फोटोंत मोठा फरक शोधावा लागेल.

तुमचा प्रश्न घरातल्या उजेडात पळणाऱ्या मुलांचा आहे. तिथे ए५२एस कमी उजेड दिसला की शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, पण मुलाचा हललेला हात त्याला थांबवता येत नाही. चेहरा नीट आणि हात पुसट, असा फोटो येतो. पिक्सेल कमी वेळाच्या अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो, म्हणून हलणारी माणसं जास्त वेळा धारदार मिळतात. बटण दाबलं तोच क्षण टिपला जाण्याच्या बाबतीतही पिक्सेल पुढे.

ए५२एसच घेतलात तर एक करा. घरात प्रो मोड लावून शटर १/१२५ सेकंदावर धरा आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ऑटोवर ठेवा. फोटोत दाणे येतील, पण दाणेदार फोटो बघवतो, हललेला नाही.

व्हिडिओत पिक्सेल ४के ६० फ्रेमने घेतो, ए५२एस ४के ३० ने. सेल्फीत मात्र उलट: सॅमसंगचा पुढचा कॅमेरा ३२ मेगापिक्सेलचा आहे आणि ४के घेतो, पिक्सेलचा ८ मेगापिक्सेलचा आणि १०८०पी वर अडतो. ए५२एसमागचे ५ मेगापिक्सेलचे दोन जादा कॅमेरे, मॅक्रो आणि डेप्थ, हिशेबात धरू नका.

कोरा_कागद:

दोघांचेही आभार. सायकलच्या आकड्यामुळे बरंच स्पष्ट झालं. दोन प्रश्न राहिले. ए५२एसमध्ये असा आकडा दिसतो का? आणि पिक्सेलमध्ये दुसरं सिम कसं बसतं?

तपासनीस:

ए५२एसमध्ये सायकल दिसत नाहीत. सॅमसंग मेंबर्स ॲपमधल्या निदान चाचणीत बॅटरीची स्थिती कळते, पण ती ढोबळ असते. नीट मोजायचं असेल तर ॲक्यूबॅटरी हे ॲप टाका, फोन २० टक्क्यांवर आणा आणि हात न लावता ८० पर्यंत चार्ज करा. समजा त्यात २४३० एमएएच गेले. ६० टक्क्यांना २४३०, म्हणजे १०० टक्क्यांना ४०५०. मूळ क्षमता ४५००, म्हणजे ९० टक्के शिल्लक. एका फेरीवर विसंबू नका, दोन-तीन फेऱ्यांची सरासरी घ्या. ८० टक्क्यांच्या खाली उत्तर आलं तर बॅटरी बदलण्याचा खर्च फोनच्या भावातच धरा.

त्याची बॅटरी ईबी-बीजी७८१एबीवाय. हीच एस२० एफई आणि साध्या ए५२ मध्येही बसते, त्यामुळे मिळायला अडचण नाही. मागचं झाकण प्लास्टिकचं आहे, गरम करून उचकटताना काचेसारखं तडकत नाही. पण झाकण एकदा उघडलं की आयपी६७ (पाणी-धुळीपासूनचं संरक्षण) संपलं असं समजा. नवी चिकटपट्टी नीट बसवली तरी पाण्याची खात्री कोणी देणार नाही.

सिमचं: पिक्सेलमध्ये एक नॅनो सिम आणि एक ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम). दुसरं सिम ई-सिम करून मिळतं का ते आधी तुमच्या कंपनीला विचारा. ए५२एसमध्ये सहसा दोन नॅनो सिम बसतात, पण दुसरा खण मेमरी कार्डाशी वाटलेला आहे. दोन सिम घातली की कार्डाला जागा नाही. तुम्हाला दोन सिम हवीतच, म्हणजे तुमच्या यादीतला "मेमरी कार्ड" हा फायदा तसाही बाद झाला.

आता फोन हातात आल्यावरची तपासणी. आधी आयएमईआय. *#०६# डायल करून आलेला क्रमांक खोक्यावरच्या आणि पावतीवरच्या क्रमांकाशी जुळवा.

मग पडदा. दोन्ही ओलेड आहेत, त्यामुळे जळका ठसा (एकाच जागी सतत राहिलेल्या चित्राची कायमची सावली) बघायलाच हवा. अंधाऱ्या कोपऱ्यात जा, पूर्ण राखाडी रंगाचं चित्र उघडा आणि उजेड निम्म्यावर ठेवा. वरची बॅटरी-घड्याळाची पट्टी आणि खाली कीबोर्डाची जागा, या दोन ठिकाणी पुसट सावली दिसते का बघा. कीबोर्डाचा ठसा खालच्या तिसऱ्या भागात किंचित वेगळ्या छटेच्या चौकोनासारखा दिसतो आणि सरळ बघण्यापेक्षा फोन थोडा कलता धरला की पटकन लक्षात येतो. वरपासून खालपर्यंत हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ असेल तर फोन तिथेच परत द्या. पॅनेल बदलण्याशिवाय तिला इलाज नाही.

सॅमसंगमध्ये *#०*# ने चाचणीचं पान उघडतं. त्यात रंग, स्पर्श, कंपन, स्पीकर, सेन्सर सगळं एकेक करून बघता येतं. स्पर्शाच्या चाचणीत कडेचे चौकोन सोडू नका, पडलेल्या फोनचा स्पर्श बहुतेक कडेलाच मरतो.

पिक्सेलचा पडदा बदललेला असेल तर बोटाच्या ठशाची चाचणी जास्त कसून घ्या. पडदा बदलल्यावर गूगलच्या साधनाने ठशाचा सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो. ते केलेलं नसेल तर ठसा नोंदवला जात नाही किंवा दर दोन वेळेला एकदा नाकारतो. स्वतःचं बोट नव्याने नोंदवून दहा वेळा उघडून बघा.

शेवटी कुलूप. विक्रेत्याला तुमच्यासमोर आधी त्याची खाती काढायला लावा आणि मगच सेटिंग्जमधून फोन रीसेट करायला सांगा. सुरू झालेला फोन जुन्या मालकाचं खातं मागू लागला तर व्यवहार थांबवा. "घरी जाऊन पासवर्ड पाठवतो" हे मान्य करू नका.

सॅमसंगसाठी आणखी एक पायरी: फोन बंद करा, आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरा आणि संगणकाला जोडलेली केबल लावा. इशाऱ्याचं पान येईल, तिथे आवाज-वाढ बटण एकदा दाबा. पुढच्या पानावर वॉरंटी व्हॉइडसमोर ०x० असायला हवं. शून्याव्यतिरिक्त काही असलं तर फोनशी छेडछाड झाली आहे, आणि सिक्युअर फोल्डर (सॅमसंगची कुलूपबंद खासगी जागा) त्यावर कधीच चालणार नाही. बँकेची ॲप्सही कुरकुर करू शकतात.

टॉवर_शोधक:

मोडेमबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

पिक्सेल ६ए मध्ये सॅमसंगचा एक्सिनॉस ५१२३ मोडेम आहे. ए५२एस मध्ये स्नॅपड्रॅगन ७७८जी, ज्यात क्वालकॉमचा मोडेम चिपमध्येच बसवलेला आहे. रेंज भरपूर असेल तिथे फरक जाणवत नाही. जाड भिंतींचं घर, तळमजला, प्रवासात सतत टॉवर बदलणं अशा ठिकाणी पिक्सेल लवकर गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते. तुमच्याकडे रेंज एक-दोन दांड्यांचीच असेल तर ए५२एसच्या पारड्यात मोठं वजन पडतं.

दुसरं असं, की पिक्सेल जिथे अधिकृतपणे विकला जात नाही अशा देशात व्होल्टे (४जी वरूनच होणारे कॉल) किंवा ५जी बंद राहू शकतं. पैसे देण्याआधी स्वतःचं सिम घाला, *#*#४६३६#*#* डायल करा, 'फोन इन्फर्मेशन' मध्ये जाऊन तीन ठिपक्यांच्या मेनूतून आयएमएस स्टेटस उघडा. तिथे रजिस्टर्ड आणि व्हॉइस ओव्हर एलटीईसमोर ॲव्हेलेबल दिसायला हवं. मग एक फोन लावून दोन मिनिटं बोला. कॉल लागताच वरचं ४जी चिन्ह जाऊन ३जी किंवा २जी आलं, तर व्होल्टे चालत नाहीये.

साधासुधा:

पॅचचा एवढा बाऊ नको असं माझं म्हणणं. अनोळखी एपीके (प्ले स्टोअरबाहेरून टाकायच्या ॲपच्या फाइली) टाकल्या नाहीत, संदेशातल्या लिंकवर बोट ठेवलं नाही तर ए५२एस अजून दोन वर्षं सहज निघेल. १२० हर्ट्झची सवय झालेल्या माणसाला पिक्सेलचा ६० चा पडदा रोज खटकतो. ए५२एसचा ६.५ इंच आणि पिक्सेलचा ६.१ इंच हाही फरक वाचताना जाणवतो.

पेचकस:

@साधासुधा, एपीके आणि लिंकचं पटलं, बहुतेक चोऱ्या त्याच वाटेने होतात. पण चित्र उघडणं, ब्लूटूथ, वायफाय यांतल्या त्रुटींना तुमची सावधगिरी पुरत नाही, तिथे पॅचच लागतो. बँकेचं काम दुसऱ्या फोनवर असेल तर ए५२एस घ्यायला माझीही हरकत नाही. इथे तर सगळं एकाच फोनवर होणार आहे.

@कोरा_कागद, चार्जर आणि हेडफोनचं लक्षात ठेवा. ए५२एसला २५ वॉट मिळायला पीपीएस (फोनच्या गरजेनुसार व्होल्टेज बदलण्याची सोय) असलेला पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) चार्जर लागतो, कोणताही "फास्ट" लिहिलेला नाही. पिक्सेल १८ वॉटला थांबतो, पूर्ण भरायला दोनेक तास धरा. हेडफोनसाठी पिक्सेलला आत डॅक (डिजिटल आवाज हेडफोनसाठी ॲनालॉग करणारी चिप) असलेला टाइप-सी अडॅप्टर घ्या, साध्या ॲनालॉग अडॅप्टरच्या भरवशावर राहू नका. अडॅप्टर लावला की चार्जिंगची जागा अडते, त्यामुळे हेडफोन लावून चार्जिंगला ठेवायची सवय असेल तर आधीच विचार करा.

कोरा_कागद:

घरी रेंज चांगली आहे आणि दुसरं सिम ई-सिम करून मिळतं, हे आत्ताच कंपनीला विचारून घेतलं. तेव्हा बॅटरी बदलल्याची पावती असलेला ६ए शोधतो. तसा नाहीच मिळाला तर ८५ टक्क्यांच्या वर क्षमता असलेला आणि ०x० दाखवणारा ए५२एस, आणि बँकेची ॲप्स सध्याच्या फोनवरच ठेवेन. तो फोन अजून पॅच घेतोय.

तपासनीस:

बरोबर. पावतीवरचा आयएमईआय फोनशी जुळवायला विसरू नका. आणि बॅटरी बदलली असूनही चार्जिंग संथ वाटलं तर 'बॅटरी इन्फर्मेशन'मधला सायकलचा आकडा पुन्हा बघा. बदलीनंतर तो शून्याच्या जवळून सुरू झालेला असायला हवा. तिथे अजून चारशे-पाचशे दिसत असतील तर पावती काहीही म्हणो, तो फोन सोडून द्या.